आपत्ती, परिचारिका आणि आपले सभागृह

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत बोलण्याविषयी मला विचारणा झाली, तेव्हा मी प्रथम नकारच कळवला होता. याच जागेवरून आपण मोठमोठ्या विद्वानांचे विचार ऐकले आहेत. मी गुलमंडीवर कापड विकणारा माणूस. शिक्षण वाणिज्य शाखेच्या पदवीपर्यंतचे, आणि तेही पुढे रोजमेळ व खतावणीतच जिरून गेले. परंतु अध्यक्ष महोदय म्हणाले, "नर्सिंगच्या मुलींबरोबर तुम्ही दोन वर्षे रविवारी सभागृहात काय करता, याची समाजात फार चर्चा आहे. तेवढेच सांगा." तेवढेच सांगण्याचा प्रयत्न करतो. मात्र त्यासाठी मला ३३ वर्षे मागे जावे लागेल, आणि माझ्या हातून घडलेली एक चूकही सांगावी लागेल. ती मी घरातही फार कोणाला सांगितलेली नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होऊन गेली होती. गणपतीचे विसर्जन करून गावे नुकतीच निजली होती आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात धरणी हादरली. किल्लारी, सास्तूर ही नावे त्या दिवशी देशाला माहीत झाली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. जगात याहून मोठे भूकंप कितीतरी झाले आहेत. परंतु येथील घरांच्या भिंती दगडमातीच्या, हात-दीड हात रुंद, आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारे ते माळवदच झोपलेल्या माणसांवर कोसळले. सुमारे दहा हजार माणसे गेली.

मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. बातमी कळताच आम्ही आठ तरुणांनी दुपारपर्यंत टेम्पो भरला. दुकानातून कोऱ्या मांजरपाटाची चार ठाणे, काही लुगडी व धोतरे घेतली आणि घरोघरी फिरून वापरलेल्या कपड्यांची सतरा गाठोडी जमा केली. बीड, अंबाजोगाई, लातूर, औसा असा रात्रभर प्रवास करून सकाळी पोहोचलो. वर पाऊस सुरू झालेला, खाली चिखल. लष्कराचे जवान ढिगारे उपसत होते. आमच्यासारखे कितीतरी टेम्पो रस्त्याच्या कडेला उभे होते आणि त्यामुळे रुग्णवाहिकांना वाट मिळत नव्हती, हे आमच्या तेव्हा ध्यानातही आले नाही.

एका गावात ढिगाऱ्याशेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ पडलेले दिसले. शुद्धीवर होते, रक्त दिसत नव्हते. पाठ दुखते म्हणाले. आम्ही दोघांनी त्यांना काखेत आणि गुडघ्यांखाली हात घालून उचलले, टेम्पोत चालकाशेजारी बसवले आणि खड्ड्यांतून वैद्यकीय छावणीत नेले. आपण एक जीव वाचवला, या आनंदात मी होतो. छावणीतील सिस्टरने त्यांना पाहिले आणि विचारले, "भाऊ, यांना बसवून कोणी आणले?" मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "मी." त्या म्हणाल्या, "पाठीच्या कण्याला मार असेल तर माणूस आडवा, फळीवर आणायचा असतो. गावभर दारे पडली आहेत. एखादे दार घ्यायचे होते."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्या पुढच्या रुग्णाकडे वळल्याही. त्या गृहस्थांना सोलापूरला हलवले एवढे कळले. त्यांचे नाव मी विचारले नव्हते. ते पुढे चालू शकले की नाही, हे मला आजही माहीत नाही.

त्याच सिस्टरने आमचा मांजरपाट चिमटीत चोळून पाहिला आणि विचारले, "धुतलेला आहे का?" आता कोऱ्या कापडाला खळ असते आणि खळ असलेले कापड पाणी शोषत नाही, हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती, आमच्या धंद्याचे ते पहिले पाऊल. मग जखमेवरचे रक्त ते कसे शोषणार, हा विचार कापडाच्या व्यापाऱ्याला सुचला नव्हता! सतरा गाठोड्यांचे काय झाले, तेही सांगतो. ती पावसात भिजली. त्यांत मुलांचे फ्रॉक होते, शाळेचे टाय होते, एक लग्नातला कोटही होता. तिथल्या बायाबापड्यांनी घर गमावले होते, मान गमावलेला नव्हता. कोणी त्या ढिगाला हात लावला नाही.

आपल्या समाजाने किल्लारीसाठी मोठे काम केले, याचा मला इतरांइतकाच अभिमान आहे. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्याला नेऊन शिकवले; वाघोलीच्या त्या कार्याची माहिती येथे बसलेल्या प्रत्येकाला आहे. मी बोलतो आहे ते पहिल्या तीन-चार दिवसांविषयी, आणि आमच्या आठ जणांच्या टेम्पोविषयी.

त्यानंतर तीस वर्षे मी दुकान एके दुकान केले. मग ३ एप्रिल २०२४ ची पहाट आली. आपल्याच शहरात, छावणी भागात, तळमजल्यावरील शिंप्याच्या दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावर झोपलेल्या एकाच कुटुंबातील सात जणांचा धुराने गुदमरून अंत झाला. त्यांत लहान मुले होती. ती बातमी वाचून गुलमंडीपासून रंगारगल्लीपर्यंतचा प्रत्येक कापडवाला त्या दिवशी आपल्या जिन्याकडे पाहत उभा होता. आपली घरे कशी आहेत? खाली दुकान, मागे गोदाम, वर बिऱ्हाड, आणि उतरायला एकच जिना, तोही दुकानाच्या बाजूने. त्यात आताचे कापड पूर्वीसारखे निव्वळ सुती राहिलेले नाही. पॉलिस्टर जळताना वितळते आणि त्वचेला चिकटते. नायलॉन व ॲक्रिलिकच्या धुरात तर सायनाइडसारखा विषारी वायूही असतो. नाकावर ओला रुमाल धरला की वाचतो, असा आपला समज आहे. त्याने काजळी थोडी अडते. कार्बन मोनॉक्साइड अडत नाही.

याच सुमारास एका परिचर्या महाविद्यालयाच्या अध्यापिका आमच्या व्यापारी मंडळींकडे आल्या. बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात सामुदायिक आरोग्य परिचर्या हा विषय आहे आणि त्यात आपत्ती व्यवस्थापन शिकवावे लागते. मॅडमचे म्हणणे असे, की विद्यार्थिनी आपत्तीचे टप्पे पाठ करतात, दहा गुणांचा प्रश्न सोडवतात आणि विसरतात. त्यांना एक खरी गल्ली हवी होती. शिवाय रुग्णांचे सोंग घेणारी माणसे आणि एक मोठी जागा हवी होती. माणसे मी देतो म्हणालो. जागेसाठी आपल्या ट्रस्टकडे अर्ज केला आणि विश्वस्त मंडळाने तो विनाशुल्क मान्य केला, त्याबद्दल मी येथे जाहीर आभार मानतो.

पहिल्या रविवारी मी मागे खुर्ची टाकून बसलो होतो. मॅडमनी फळ्यावर एक शब्द लिहिला: ट्रायेज. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ निवडणे, वेगळे करणे. इंग्रजीत तो पूर्वी लोकरीच्या प्रतवारीसाठी वापरत, हे त्यांनी सांगितले आणि मी सावरून बसलो. प्रतवारी तर आयुष्यभर केली! नेपोलियनचा शल्यवैद्य लॅरे याने रणांगणावर दर्जा व हुद्दा न पाहता जखमेच्या गंभीरतेप्रमाणे सैनिकांवर उपचार करण्याचा दंडक घातला, तेथून ही पद्धत पुढे आली. आमच्या धंद्यात उत्तम माल प्रथम उचलतात. येथे मात्र जो तातडीने उपचार मिळाल्यास वाचेल आणि न मिळाल्यास जाईल, तो प्रथम. त्याला लाल पट्टी. ज्याला थोडे थांबता येईल त्याला पिवळी, जो चालू शकतो त्याला हिरवी आणि ज्याचा श्वास थांबला आहे त्याला काळी.

हे ठरवायला एका रुग्णामागे अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक वेळ मिळतो. प्रथम मोठ्याने सांगायचे, "ज्यांना चालता येते त्यांनी त्या भिंतीपाशी जावे." जे गेले ते हिरवे. उरलेल्यांचा श्वास पाहायचा. मिनिटाला तीसपेक्षा अधिक असेल तर लाल. मग मनगटाची नाडी लागते का आणि सांगितलेले समजते का, हे पाहायचे. यांपैकी कशात उणे दिसले तरी लालच. श्वास नसेल तर मान व हनुवटी सावरून श्वासमार्ग एकदा मोकळा करायचा. तरीही श्वास आला नाही, तर काळी पट्टी बांधून पुढे जायचे.

हे ऐकायला सोपे वाटते. त्या दिवशी आपल्या समाजातील वीस जण रुग्ण झाले होते. माझ्या गळ्यात चिठ्ठी होती: 'चालता येत नाही, श्वास मिनिटाला ३४, हाकेला ओ देतो.' मी लाल. माझ्या शेजारी आमच्या एका वहिनींना हिरवे पात्र दिले होते. हाताला खरचटलेले, बाकी ठणठणीत. त्यांनी असा आक्रोश मांडला की चार मुली त्यांच्याभोवती जमल्या. मी मुकाट्याने पडून होतो. पाच मिनिटे माझ्याकडे कोणी फिरकले नाही. नंतर मॅडमनी विद्यार्थिनींना विचारले, "ज्यांच्याकडे तुम्ही गेलात त्यांना ओरडण्याइतका श्वास होता. ज्यांचा आवाज येत नव्हता त्यांच्याकडे कोण गेले?" कोणीच उत्तर दिले नाही. वहिनींना मात्र अभिनयाबद्दल टाळ्या मिळाल्या.

काळी पट्टी माझ्या एका मित्राच्या वाट्याला आली होती. वय सत्तर, स्वभावाने गमत्या. एका विद्यार्थिनीने त्यांची हनुवटी वर केली, कान लावला, चिठ्ठी वाचली आणि पट्टी हातात घेऊन ती तशीच बसून राहिली. मित्र डोळा उघडून म्हणाले, "बांध बाळ, मी घरी जाऊन जेवणार आहे." सगळे हसले, ती मुलगी रडू लागली. तिचे आजोबा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली, गेले होते. मॅडमनी तिला पाणी दिले, बाजूला बसू दिले आणि वीस मिनिटांनी तेच काम पुन्हा तिच्याकडून करवून घेतले. मला ते तेव्हा कठोर वाटले. घरी जाताना वाटले, की खऱ्या प्रसंगी प्रथमच हात थरथरण्यापेक्षा येथे थरथरलेले बरे.

अध्यापनाची आणखी एक गोष्ट माझ्या मनात ठसली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कक्षेत साधारण ३०,००० लोकसंख्या असते आणि उपकेंद्राच्या कक्षेत ५,०००. एवढ्या माणसांत परिचारिका एकदोनच. तिने एकटीने किती जखमा बांधाव्यात? म्हणून मॅडम त्यांना शिकवतात की आलेल्या लोकांना कामाला लावा, आणि काम सांगताना 'कोणीतरी पाणी आणा' असे म्हणू नका. 'निळा सदरा घातलेले भाऊ, तुम्ही पाणी आणा. आणि आणल्यावर मला येऊन सांगा.' किल्लारीत आम्ही आठ धडधाकट तरुण होतो. आम्हाला असे कोणी सांगितले असते तर आम्ही दारे काढली असती, रस्ता मोकळा केला असता. अर्थात त्या सिस्टरला श्वास घ्यायला सवड नव्हती. दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही.

आता आपल्या सभागृहाविषयी. पूर किंवा आग आली तर आपण येथे तीनशे माणसांना आश्रय देऊ, असे मी एका सभेत अभिमानाने बोललो होतो. इतिवृत्तात त्याची नोंद आहे. पंगत तीनशेची बसते, त्यावरून मी तो आकडा काढला होता. विद्यार्थिनींनी फीत घेऊन मोजमाप केले. साठ फूट बाय चाळीस फूट, म्हणजे २,४०० चौरस फूट. मदतकार्याचे 'स्फीअर' या नावाने ओळखले जाणारे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. त्यांनुसार आश्रयस्थानात दर माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा हवी, म्हणजे सुमारे पावणेअडतीस चौरस फूट. भागाकार मीच केला. त्रेसष्ट माणसे! दररोज माणशी किमान १५ लिटर पाणी धरले तर ९४५ लिटर. आपली टाकी २,००० लिटरची, दोन दिवस पुरेल. वीस माणसांमागे एक शौचालय हवे. आपल्याकडे तीन आहेत, पैकी एकाला वर्षानुवर्षे कुलूप. तेथे जायला चार पायऱ्या उतराव्या लागतात. वॉकर घेऊन चालणाऱ्या आजी रात्री तेथे कशा जाणार, असे एका मुलीने विचारले. आणि मागचे दार? त्याच्यासमोर मंडपाचे सामान व दोनशे खुर्च्या रचलेल्या होत्या. किल्ली कोणाकडे आहे, हे विचारत आम्ही अर्धा तास फिरलो. शेवटी ती एका माजी चिटणीसांच्या कपाटात सापडली. ते पुण्याला मुलाकडे राहायला गेले आहेत, आणि त्यांचे कपाट सुदैवाने येथेच आहे.

पाण्यावरून एक गंमत झाली. पाणी गाळून पिण्याची आपली परंपरा मी मुलींना मोठ्या तोऱ्यात सांगितली. मॅडम म्हणाल्या, "काका, ती चांगलीच आहे." आणि त्यांनी बांगलादेशातील अभ्यासाची माहिती दिली. तेथे खेड्यांतील स्त्रियांना जुन्या सुती साडीची किमान चार पदरी घडी करून पाणी गाळायला शिकवले, तेव्हा पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले. २००३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. साडी जुनीच हवी, कारण वारंवार धुतल्याने सुताचे तंतू सुटे होऊन छिद्रे बारीक होतात. हे ऐकून मी खूश झालो. पण त्या पुढे म्हणाल्या की पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांना चिकटून असतात म्हणून ते गाळण्यात अडकतात. सुटे जंतू व विषाणू कापडातून सहज जातात. पुरानंतर गाळलेले पाणी उकळावे लागते, नाहीतर क्लोरीन घालून अर्धा तास ठेवावे लागते. ब्लीचिंग पावडर जुनी झाली की तिची शक्ती उतरते, म्हणून डब्यावरची तारीख पाहायची. आपल्या भांडारातील डबा पाहिला तर त्यावरची तारीख पुसून गेली होती. डबा टाकून दिला.

कापडाचा तास मात्र आता माझ्याकडे आहे. मीटरभर चौरस मांजरपाट, धुऊन खळ काढलेला, तिरपा कापला की दोन त्रिकोणी पट्ट्या होतात. एका पट्टीत हात गळ्यात बांधता येतो, डोक्याची जखम बांधता येते. जखमेवर थेट कापूस ठेवायचा नाही, तंतू चिकटतात. भाजलेल्या अंगाला चिकटलेले कापड ओढायचे नाही. त्याच्या कडेने कापायचे आणि भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरायचा. पाठीला मार असलेल्याला चौघांनी एका सुरात, डोके-मान-धड एका रेषेत ठेवून कुशीवर वळवायचे, आणि मग खाली फळी किंवा दार सरकवायचे. हा शेवटचा भाग मॅडम शिकवतात. रुग्ण म्हणून दर वेळी मी झोपतो. दुसऱ्या कोणाला मी ती जागा दिलेली नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने हाहाकार झाला, तेव्हा आपल्याकडे नेहमीप्रमाणे कपडे गोळा करण्याचा विचार निघाला. मी विनंती केली की दोन दिवस थांबा आणि तेथील आरोग्यसेविकेला विचारा. तिने दूरध्वनीवर यादी दिली: ओआरएसची पाकिटे, सॅनिटरी पॅड, अंथरायच्या ताडपत्र्या, टॉवेल, बायकांची व मुलांची नवी अंतर्वस्त्रे. जुने कपडे नकोत, असे तिने स्पष्ट सांगितले. मधुमेह व रक्तदाबाच्या गोळ्या पुरात वाहून गेलेल्या माणसांची तिच्याकडे नावानिशी यादी होती; गरोदर स्त्रिया किती व कोणाचे दिवस भरत आले आहेत, हेही तिला ठाऊक होते. तेव्हा मला मॅडमच्या गल्लीचा अर्थ खऱ्या अर्थाने कळला. आपत्ती आल्यावर यादी करता येत नाही. ती आधीची लागते.

तीच यादी आता आपल्या गल्ल्यांची करावयाची आहे, आणि त्यासाठीच मी आज उभा आहे. येत्या रविवारपासून विद्यार्थिनी दोघी-दोघींनी गुलमंडी, रंगारगल्ली व राजाबाजार भागातील घरी येतील. दुकानावर कोण झोपते, कोणाला जिना उतरता येत नाही, कोणाला इन्शुलिन किंवा ऑक्सिजन लागतो, दुसरी वाट आहे का, असे प्रश्न त्या विचारतील. उत्पन्न विचारणार नाहीत, जीएसटी क्रमांकही विचारणार नाहीत. काही बंधूंनी तशी शंका घेतली म्हणून सांगतो. माहिती दोन ठिकाणीच राहील, महाविद्यालयात आणि आपल्या कार्यालयाच्या कपाटात. मागील वर्षी केलेल्या पहिल्या फेरीत सत्तावीस घरांनी दार उघडले नाही. त्यांतले एक माझ्या सख्ख्या चुलत भावाचे होते. तो आज पुढच्या रांगेत बसला आहे, म्हणून मुद्दाम सांगितले.

विश्वस्त मंडळाला माझी एकच मागणी आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून प्रवेशद्वाराची संगमरवरी कमान करण्याचा ठराव आहे. त्याआधी मागच्या दाराबाहेर उतरण करावी, ते कुलूपबंद शौचालय दुरुस्त करावे आणि दोनशे खुर्च्यांसाठी दुसरी जागा पाहावी. खर्चाचा अंदाज मी लेखी दिला आहे; कमानीच्या खर्चाच्या पाचव्या भागात हे बसते. मागच्या दाराच्या तीन किल्ल्या मी करून घेतल्या आहेत. एक कार्यालयात, एक पुजारीजींकडे आणि एक माझ्या दुकानाच्या गल्ल्यात खिळ्याला टांगलेली आहे. दुकान बंद असले तर वरच्या मजल्यावर हाक मारावी.

जय जिनेंद्र.